उधारीची वसुली आणि तालुक्याचे दिवाणी न्यायालय



आपल्या बैठकांमधून वनस्पतींची उपलब्धता, भेसळ, उत्पादन परवान्याच्या अटी अशा विषयांवर भरपूर चर्चा होते. ती संपून चहा सुरू झाला की फार्मसीचालक मंडळी हळूच एका कोपऱ्यात जमतात आणि तेथे एकाच विषयावर बोलणे चालते, तो म्हणजे उधारी. कोणाचे वीस हजार अडकलेले असतात, कोणाचे साठ हजार. ‘एवढ्या रकमेसाठी कोर्टात कोण जाणार?’ या वाक्यावर ती चर्चा संपते. मीही हे वाक्य अनेक वर्षे उच्चारले आहे. नंतर मात्र मला न्यायालयात जावे लागले. तेथे काही मिळाले, काही कायमचे गेले. जे गेले ते माझ्या चुकीने गेले. त्या चुका आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत आजही चालू असाव्यात, अशी शंका आल्याने हा लेख लिहीत आहे.

माझी फार्मसी लहान आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी चूर्णे, वटी, आसवारिष्टे आणि मोजकी घृते आम्ही तयार करतो. शेजारच्या जिल्ह्यातील एक विक्रेता आमचा माल घेत असे. तो माझ्या एका गुरुबंधूंचा मुलगा. लहानपणी माझ्या घरी जेवलेला. त्यामुळे करारपत्र, मुदत, व्याज असले शब्द आमच्यात कधी आलेच नाहीत. त्याच्याकडे तीन वेळा माल गेला. ऑगस्ट २०११ मध्ये चूर्णे व वटी मिळून १४,२०० रुपयांचा, जानेवारी २०१२ मध्ये आसवारिष्टे ११,८५० रुपयांची, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये दिवाळीपूर्वी पुन्हा संमिश्र माल १२,५९० रुपयांचा. एकूण येणे ३८,६४० रुपये. जून २०१३ मध्ये तो एकदा घरी आला, दोन हजार रुपये रोख ठेवले, ‘काका, बाकीचे गणपतीच्या आत’ म्हणाला. ते गणपती गेले, पुढचेही गेले. त्या वर्षी हिरडा आणि आवळा खरेदीसाठी मला सोसायटीतून कर्ज काढावे लागले आणि दोन कामगारांचा बोनस मी संक्रांतीला दिला. ही गोष्ट मोठ्या कारखानदाराला क्षुल्लक वाटेल. कामगारांना ती क्षुल्लक वाटली नव्हती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मी खतावणीची वही काखेत मारून वकिलांकडे गेलो. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “वैद्यसाहेब, पहिला माल पोचला कधी?”

“ऑगस्ट २०११ ला.”

“मग ते पैसे सोडा.”

मला हे पटेना. खाते तर चालूच होते, शेवटचा माल २०१२ चा होता, दोन हजार रुपये २०१३ मध्ये आले होते, आणि देतो म्हणून त्याने फोनवर निदान वीस वेळा कबूल केले होते. वकीलसाहेबांनी एकेक मुद्दा खोडून काढला. ते त्या दिवशी जे बोलले, ते प्रत्येक फार्मसीचालकाला ठाऊक असले पाहिजे, म्हणून सविस्तर देतो.

मुदत कायदा १९६३ नुसार विकलेल्या मालाची किंमत मागण्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे. उधारीचा कालावधी ठरलेला नसेल, तर ही तीन वर्षे माल पोचल्याच्या दिवसापासून मोजतात. कालावधी ठरलेला असेल, म्हणजे बिलावर ‘६० दिवसांत देय’ असे असेल, तर तो कालावधी संपल्यापासून मोजतात. प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्र चालते. ‘खाते चालू आहे’ या समजुतीचा उपयोग फक्त परस्पर व्यवहाराच्या खात्यात होतो, म्हणजे मी त्याला माल देतो आणि तोही मला स्वतंत्रपणे काही माल देतो, कधी मी देणेकरी तर कधी तो, अशा खात्यात. मी दिले आणि त्याने नुसते घेतले, ते खाते परस्पर होत नाही.

तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही. कलम १८ प्रमाणे कबुली लेखी हवी, देणेकऱ्याच्या सहीची हवी आणि मूळ मुदत संपण्यापूर्वीची हवी. ती असेल तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. काही रक्कम अदा केल्यानेही नवी मुदत मिळते, परंतु कलम १९ प्रमाणे त्या अदायगीची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने झालेली असावी लागते. माझे दोन हजार रोख आले आणि माझ्याच हाताने माझ्याच रोजकीर्दीत लिहिले गेले. त्याने तेच पैसे धनादेशाने दिले असते, तर धनादेशावरील सहीच उपयोगी पडली असती. किंवा मी त्याच वेळी वही पुढे करून ‘जमा २,०००, बाकी ३६,६४०’ यापुढे त्याची सही घेतली असती, तरी ऑगस्ट २०११ चे बिल जिवंत राहिले असते. घरी आलेल्या गुरुबंधूच्या मुलापुढे वही कशी करायची, हा संकोच मला नडला. त्या संकोचाची किंमत १२,२०० रुपये झाली. दोन हजार रुपये मी पहिल्या बिलात जमा धरले. देणेकऱ्याने रक्कम कोणत्या बिलापोटी आहे हे सांगितले नसेल, तर ती कोठे जमा करायची हे ठरवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम ६० ने येणेकऱ्याला आहे, आणि तो मुदतबाह्य येण्यापोटीही वापरता येतो. तेवढाच काय तो दिलासा.

आणखी एक गैरसमज येथेच नोंदवतो. नोटीस पाठवली म्हणजे मुदत वाढली, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. रक्कम वसुलीच्या साध्या दाव्यापूर्वी नोटीस दिलीच पाहिजे असेही बंधन नाही. ती द्यावी हे बरे, कारण पुष्कळ प्रकरणे नोटिशीवरच मिटतात, आणि उत्तर आलेच तर त्यात प्रतिवादीच्या हातून काहीतरी कबूल होऊन जाते.

दावा कोठे लावायचा

‘लघुवाद न्यायालय’ हा शब्द आपण ऐकलेला असतो. मुंबईत ते धोबीतलाव येथे आहे आणि १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय अधिनियमाखाली चालते. तेथे साध्या रक्कम वसुलीची मर्यादा १०,००० रुपये असल्याने आज त्या इमारतीत प्रामुख्याने घरमालक आणि भाडेकरू यांचीच गर्दी दिसते. पुणे व नागपूर येथे १८८७ च्या प्रांतिक अधिनियमाखालील लघुवाद न्यायालये आहेत, तेथेही भाड्याचेच दावे अधिक. ज्यांचे दवाखाने भाड्याच्या जागेत आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ३३ प्रमाणे त्यांचे वाद या न्यायालयांत आणि ही न्यायालये नसतील तेथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालतात. थकलेल्या भाड्याबद्दल मालकाची लेखी नोटीस आल्यावर ९० दिवस हातात असतात. ती नोटीस केसपेपरच्या गठ्ठ्यात हरवू देऊ नये.

आपल्यासारख्या तालुक्याच्या फार्मसीवाल्याचा लहान रकमेचा दावा प्रत्यक्षात कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायालयातच जातो. प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे दावा लावता येतो. त्याचप्रमाणे दाव्याचे कारण जेथे पूर्णतः वा अंशतः घडले तेथेही लावता येतो. माझा माल माझ्या गावातून रवाना झाला होता, पैसे माझ्या गावी द्यायचे होते आणि बिलाच्या तळाशी तसे छापलेले होते. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात खेपा घालणे वाचले. बिलाच्या तळाची ती बारीक अक्षरातील ओळ छापखानेवाल्याने सवयीने घातली होती, श्रेय माझे नाही. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला केवळ अशा छापील ओळीने अधिकार मिळत नाही, हेही खरे.

दावा कोणाच्या नावाने, यात बरेच जण फसतात. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर वादी म्हणून मालकाचे नाव येते, ‘अमुक फार्मसीचे मालक’ असे. केवळ फार्मसीच्या नावाने दावा लावता येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने दुकान ही व्यक्ती नव्हे. भागीदारी असेल तर ती भागीदारी निबंधकाकडे नोंदलेली हवी. भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातून निर्माण झालेला हक्क बजावण्यासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. दोघे भाऊ, वडिलांची फार्मसी, दहा वर्षांपूर्वीचे भागीदारीपत्र कपाटात, आणि नोंदणी राहून गेलेली, हे चित्र आपल्याकडे दुर्मिळ नाही. नोंदणी आज करून घ्यावी. दावा लावण्याची वेळ आल्यावर धावपळ करण्यात मुदत संपते.

माझ्या दाव्याची कागदपत्रे डिसेंबर २०१४ मध्ये दाखल झाली. वादपत्र मराठीत होते, सोबत सत्यतेचे शपथपत्र, कागदांची यादी, वकीलपत्र, रकमेच्या प्रमाणातील कोर्ट फी, प्रतिवादीसाठी नकला आणि समन्सचा खर्च. पहिले बिल सोडून २४,४४० रुपये मुद्दल व व्याज मागितले. स्वतःचा दावा स्वतः चालवण्याची कायद्याला मनाई नाही आणि अगदी लहान रकमेसाठी तसे करणारे लोक मी त्या आवारात पाहिले आहेत. मला ते धाडस झाले नाही, आणि झाले नाही हे बरेच झाले.

वकीलसाहेबांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दावा लावण्याचा मोह झाला होता. लेखी करारावर किंवा वचनचिठ्ठीवर आधारित निश्चित रकमेसाठी ही तरतूद आहे. तीत प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. परवानगी नाकारली गेली तर निकाल तेथेच. प्रतिवादीने सही करून स्वीकारलेले बिल यासाठी उपयोगी पडू शकते. माझ्याकडे तीनपैकी एकाच मालाची पोच होती. त्यामुळे साध्या वाटेने जावे लागले.

वहीची नोंद आणि तक्रारीचे पत्र

समन्स बजावण्यात सहा महिने गेले. बेलीफ जाईल त्या दिवशी दुकान बंद. शेवटी प्रतिवादी हजर झाला. कैफियत ३० दिवसांत द्यावी आणि फार तर ९० दिवसांपर्यंत सवलत मिळावी असे संहितेत आहे. तारखाही एका पक्षाला तीनपेक्षा अधिक देऊ नयेत असे तेथेच लिहिले आहे. न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही हे नियम वाचून दाखवले तर तो हसेल. माझी कैफियत साडेचार महिन्यांनी आली.

तिच्यात दोन मुद्दे होते. जानेवारीचा माल मिळाला पण तो ‘जुना व निरुपयोगी’ होता, आणि ऑक्टोबरचा माल मिळालाच नाही.

माझी खतावणी मी अभिमानाने पुढे केली. आमच्या घराण्यात तीन पिढ्या रोजकीर्द रोज लिहिली जाते. उलटतपासात प्रतिवादीच्या वकिलांनी एकच विचारले, “ही नोंद तुमच्याच हातची ना?” नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुरावा म्हणून संबद्ध असते, परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावर देण्याची जबाबदारी ठरवता येत नाही. तेव्हा हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २८ मध्ये आहे. कलमाचा क्रमांक बदलला तरी अडचण तीच राहिली आहे. वहीला जोड हवी ती दुसऱ्याच्या हातच्या कागदाची, म्हणजे मागणीपत्र, पोच, बिल्टी किंवा बँकेचा उतारा यांची.

जानेवारीच्या मालाची बिल्टी माझ्याकडे होती आणि तिच्यावर त्याच्या दुकानाचा शिक्का व सही होती. राहिला ‘जुना माल’ हा आक्षेप. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर मला शार्ङ्गधराची आठवण झाली. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, आसवे मात्र जुनी होतील तशी गुणवान होतात, हे मी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. न्यायाधीशमहाशयांनी शांतपणे थांबवले आणि विचारले, माल मिळाल्यावर प्रतिवादीने तक्रार केव्हा केली? त्यांना एवढेच हवे होते. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम ४२ प्रमाणे खरेदीदाराने नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपेक्षा अधिक काळ माल ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. दोन वर्षे अकरा महिने त्याने ब्र काढला नव्हता. आसवांचे वीर्य हा प्रश्न उपस्थितच झाला नाही. आपल्यापैकी ज्यांना न्यायालयात शास्त्रचर्चेची हौस वाटेल, त्यांनी माझा अनुभव ध्यानात ठेवावा. लेबलवरील निर्मितीची तारीख आणि वापराची मुदत मात्र नीट असावी, कारण औषधी द्रव्ये नियमावलीच्या नियम १६१-ब नुसार ती छापणे बंधनकारक आहे आणि प्रतिवादीचा वकील पहिल्यांदा बाटली फिरवून तेच पाहतो.

ऑक्टोबरच्या मालाची गोष्ट वेगळी. तो मी ओळखीच्या जीपवाल्याबरोबर पाठवला होता. ना बिल्टी, ना पोच. जीपवाला पुढे मुंबईला निघून गेला. वकीलसाहेबांनी ते बिल गेले असेच धरले होते. सरतपासाच्या आदल्या रात्री माझ्या पत्नीने जुन्या पत्रांची फाईल उपसली. फार्मसीचा पत्रव्यवहार तीच पाहते. फाईलमध्ये त्या विक्रेत्याचे, त्याच्या लेटरहेडवरचे, नोव्हेंबर २०१२ चे पत्र निघाले. ‘आपण दिवाळीसाठी पाठविलेल्या मालातील द्राक्षासवाच्या आठ बाटल्या फुटलेल्या आल्या, त्यांचे ६४० रुपये वजा करावेत.’ हे पत्र आले त्या दिवशी मला राग आला होता आणि मी ते फाडणार होतो. पत्नीने ते पंच करून फाईलला लावले होते.

माल मिळाला नाही म्हणणाऱ्याने त्यातील बाटल्या फुटल्याची तक्रार केली होती. यापुढे त्याच्या वकिलांना फारसे बोलता आले नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये निकाल झाला. फुटक्या बाटल्यांचे ६४० रुपये वजा करून २३,८०० रुपये, दावा दाखल केल्यापासून ६ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च असा हुकूमनामा मिळाला. बाटल्यांचे पैसे वजा करण्यास मी स्वतःच संमती दिली होती, ती तक्रार खरी होती. प्रतिवादीने अपील केले नाही. २५,००० रुपयांपर्यंतच्या रक्कम वसुलीत दुसरे अपील मुळातच नाही, हे संहितेचे कलम १०२ लहान वादीच्या हिताचे आहे.

हुकूमनाम्यानंतर

हुकूमनामा घेऊन घरी आल्यावर मला वाटले, संपले. वकीलसाहेब म्हणाले, आता सुरू झाले. न्यायालय आपण होऊन पैसे आणून देत नाही. त्यासाठी दरखास्त लावावी लागते. तिची मुदत १२ वर्षे आहे, म्हणून लोक निवांत राहतात आणि तोवर प्रतिवादीचे दुकान त्याच्या पत्नीच्या नावावर होते. दरखास्तीत प्रतिवादीकडून मालमत्तेचे शपथपत्र मागता येते, बँक खाते जप्त करता येते, त्याचे कोणाकडे येणे असेल तर तेही परस्पर अडवता येते. त्याच्या जुन्या धनादेशाची छायाप्रत कोणाकडे असेल तर खाते कोणत्या बँकेत हे कळते. माझ्याकडे धनादेश नव्हता, पण त्याच्या लेटरहेडवर बँकेचे नाव होते. तेच पत्र पुन्हा कामी आले.

खात्यावर जप्तीचा आदेश गेला तसा तो स्वतः भेटायला आला. प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवले गेले आणि २७,००० रुपये तीन हप्त्यांत देण्याचे ठरले. व्याज आणि खर्च धरून मला थोडे सोडावे लागले. सोडले. पहिल्या बिलाचे १२,२०० रुपये त्या तडजोडीत कोठेच नव्हते. मी मागितलेही नाहीत. मुदतबाह्य देणे देण्याचे लेखी वचन कोणी सही करून दिले तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक ठरते, पण असे वचन द्यायला तो बांधील नव्हता.

लोकअदालतीविषयी दोन वाक्ये अधिक लिहितो, कारण आपण तिचा पुरेसा उपयोग करीत नाही. दावा लावण्यापूर्वीच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देऊन प्रकरण तेथे ठेवता येते, त्यासाठी कोर्ट फी लागत नाही. तेथे झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. दावा चालू असताना तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. अर्थात दोन्ही पक्ष तयार हवेत. केवळ वेळ काढणाऱ्या देणेकऱ्याला तेथे नेण्यात अर्थ नाही.

आज अशी वेळ आली तर माझ्यापुढे आणखी काही वाटा असत्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ प्रमाणे सूक्ष्म वा लघु उत्पादकाला खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. मुदत ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. जुलै २०२० पासून यासाठी उद्यम नोंदणी आहे. नोंदणी माल पाठवण्यापूर्वी हवी की नंतर चालते यावर न्यायालयांत बराच वाद झाला आहे, तेव्हा आधी करून घेतलेली बरी. ही सोय माल तयार करणाऱ्या फार्मसीसाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, परंतु थकबाकीच्या या तरतुदींचा लाभ मिळत नाही.

धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा मार्ग सर्वांना माहीत आहे, पण त्याच्या तारखा अनेकांच्या हातून निसटतात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, ती मिळाल्यापासून देणेकऱ्याला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फौजदारी तक्रार. व्यापाऱ्यांमधील वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर तातडीचा हुकूम मागायचा नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. ग्राहक आयोगाकडे मात्र विक्रेत्याच्या उधारीसाठी जाऊ नये, तेथे परत पाठवतील.

रुग्णाकडील थकबाकीबद्दल काही वैद्यमित्रांनी मला विचारले आहे. पंचकर्माचे पैसे राहिले, दावा लावू का? कायदा लावू देईल, तेथेही तीन वर्षेच आहेत. माझे मत विचाराल तर लावू नये. रक्कम सिद्ध करताना रुग्णाचा व्याधी, त्याचे उपचार, केसपेपर न्यायालयात उलगडावे लागण्याचा संभव असतो, आणि गावात त्यानंतर आपल्याकडे मोकळेपणाने बोलणारा रुग्ण उरणार नाही. पंचकर्माची अर्धी रक्कम आरंभी घेणे हाच त्यावरचा उपाय मी करतो.

आमच्या फार्मसीत आता प्रत्येक बिलावर ‘४५ दिवसांत देय’ असे छापलेले असते. मालाबरोबर चलनाच्या दोन प्रती जातात आणि सही-शिक्क्याची प्रत परत आल्याशिवाय पुढचा माल निघत नाही. मार्चअखेर प्रत्येक विक्रेत्याला खाते उतारा जातो, त्याखाली ‘बाकी मान्य’ आणि सहीची जागा असते. दोघातिघांना प्रथम याचा राग आला. मागणी आता बहुधा व्हॉट्सअपवर येते. ते संदेश मी पुसत नाही, फोन बदलला तरी जुना जपून ठेवतो, कारण असा पुरावा दाखल करताना नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक भाग आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने.

तडजोडीचे पहिले दोन हप्ते त्या मुलाने बँकेत भरले. तिसरा हप्ता घेऊन माझे गुरुबंधू स्वतः एस.टी.ने आले. त्यांना आधी यातले काही ठाऊक नव्हते. आम्ही दोघे बराच वेळ गुरुजींच्या आठवणी काढत बसलो. निघताना त्यांनी नऊ हजार रुपये पुढे केले, मी पावती लिहिली आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही मागितली. त्यांनी चष्मा काढला, तारीख घालून सही केली आणि म्हणाले, “हे तेव्हाच करायचे होते रे.”